हिरव्या डागाचा माग: अरबी समुद्रातील एका भोवऱ्याच्या निरीक्षणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील घटना काही वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात घडल्या. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून जहाजाचे आणि संस्थेचे नाव दिलेले नाही, जागा ढोबळ सांगितल्या आहेत आणि आकडे गोल केले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. मी त्या मोहिमेत किनाऱ्यावर होतो. उपग्रहांकडून येणाऱ्या मापनांवरून सागराच्या रंगाची चित्रे तयार करणे आणि ती जहाजाला पाठवणे हे माझे काम होते, आणि ज्या चित्रामुळे जहाज आधी चुकीच्या जागी गेले ते चित्र मीच तयार केले होते.

मोहिमेचा हेतू साधा होता. ईशान्य अरबी समुद्रातील थंड गाभ्याचा एक भोवरा निवडायचा, त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा छेद घ्यायचा आणि गाभ्यात वनस्पती प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) वाढ बाहेरच्यापेक्षा किती अधिक आहे ते मोजायचे. गोव्याहून जाण्यायेण्याचे दिवस वगळता प्रत्यक्ष कामाला आठ दिवस मिळणार होते. भोवऱ्याची निवड निघण्याआधी किनाऱ्यावरच करणे भाग होते, कारण शंभर-दीडशे किलोमीटर व्यासाचा भोवरा डेकवर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला चहूकडे सारखेच पाणी दिसते.

उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्याच्या मध्यावर समुद्राची पातळी आजूबाजूपेक्षा थोडी, बहुधा दहा-वीस सेंटिमीटर, खाली असते आणि खालच्या थरांतील थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर उचललेले असते. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्यात याच्या उलट घडते: मध्यावर पातळी उंचावलेली असते आणि उबदार पाण्याचा जाड थर खाली दाबला गेलेला असतो. पहिल्या प्रकारात पोषकद्रव्ये उजेडाच्या टप्प्यात येतात, तेथे प्लवक वाढतात, प्लवकांत हरितद्रव्य असते आणि हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेत असल्याने पाणी हिरवट दिसते. ही साखळी इतकी सरळ आहे की तिच्यावर विश्वास ठेवण्याचा मोह होतो, आणि आमच्या प्रकरणाचे मूळ त्या मोहात होते.

सागराचा रंग अवकाशातून मोजण्याची परंपरा १९७८ साली निंबस-७ उपग्रहावरील उपकरणापासून सुरू होते. भारताने मे १९९९ मध्ये ओशनसॅट-१ आणि सप्टेंबर २००९ मध्ये ओशनसॅट-२ सोडला. त्यांवरील ओशन कलर मॉनिटर हे उपकरण सुमारे ३६० मीटरचा तपशील टिपत असे आणि एका फेरीत १४२० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहत असे. मापन वाटते तितके सोपे नसते. उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नऊ-दशांश हिस्सा हवेतून विखुरलेला असतो. तो वजा करून उरलेल्या एक-दशांशातून पाण्याचा रंग काढायचा असतो. शिवाय तो रंग वरच्या थराचाच असतो. आमच्या भागातील निळ्या पाण्यात उपग्रहाला साधारण वरचे वीस मीटर दिसतात, आणि हिरव्या, दाट पाण्यात त्याहूनही कमी.

मार्चमधील ईशान्य अरबी समुद्राची एक खासियत येथे सांगायला हवी. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या, थंड वाऱ्यांनी वरचे पाणी गार होऊन खाली बसते, खालची पोषकद्रव्ये वर येतात आणि समुद्राचा उत्तर भाग हिरवागार होतो. अलीकडच्या दशकांत त्यात हिरव्या नॉक्टिल्यूका या एकपेशीय प्लवकाचा मोठा वाटा असतो. रत्नागिरीच्या अक्षांशाच्या आसपास मात्र पाणी निळे असते. उत्तरेला हिरवे आणि दक्षिणेला निळे अशी ही सीमा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात अजून टिकून असते, आणि त्याच वेळी ऊन वाढल्याने पृष्ठभागावर उबदार पाण्याचा पातळ थर साचू लागलेला असतो. तो थर खालचा थंड गाभा झाकून टाकतो. त्यामुळे पृष्ठभागाच्या तापमानाच्या चित्रात या दिवसांत भोवरा ओळखणे कठीण जाते आणि सगळी भिस्त रंगावर आणि समुद्राची उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरवर येऊन पडते.

अडचण

निघण्याच्या तीन दिवस आधी मी आठ दिवसांचे सरासरी चित्र तयार केले. त्यात किनाऱ्यापासून सुमारे सातशे किलोमीटर पश्चिमेस, निळ्या पाण्यात, एक जवळजवळ गोल हिरवा डाग स्पष्ट दिसत होता. तो इतका ठसठशीत होता की बैठकीत कोणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. मुख्य शास्त्रज्ञांनी नकाशावर त्याच्या मध्याभोवती वर्तुळ काढले आणि स्थानकांची, म्हणजे जहाज थांबवून मापने घेण्याच्या जागांची, आखणी तेथून सुरू झाली.

अल्टिमीटरचा नकाशा मात्र या डागाशी जुळत नव्हता. समुद्रपातळीचा खळगा डागाच्या सुमारे १२० किलोमीटर पूर्वेस होता आणि पश्चिमेस एक उंचवटा होता. डाग या दोहोंच्या मध्ये पडत होता. आम्ही याचा अर्थ असा लावला की अल्टिमीटरचा नकाशाच ढोबळ असावा. ते अगदीच अवास्तव नव्हते. अल्टिमीटर उपग्रहाच्या मार्गाखालची एक अरुंद रेघच मोजतो, रेघांमधील मोठी अंतरे गणिताने भरून पाव अंशाचा नकाशा तयार होतो, आणि तातडीने मिळणाऱ्या नकाशात पुढच्या दिवसांच्या फेऱ्यांची माहिती नसल्याने तो आणखी कच्चा असतो. त्याच्या शेजारी काही शे मीटरचा तपशील दाखवणारे रंगाचे चित्र ठेवले की कोणावर विश्वास बसेल हे उघड आहे. पण तपशील बारीक असणे आणि अर्थ बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आक्षेप घेतला तो गटातील सर्वांत लहान सदस्याने, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने त्या आठ दिवसांची रोजची चित्रे छापून आणली आणि टेबलावर ओळीने मांडली. त्यांपैकी बहुतेकांवर ढगांचे आणि सूर्याच्या चकाकीचे पांढरे पट्टे होते. "सर, हे डबकं नाही, शेपूट आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी ती इथपर्यंत होती, सातव्या दिवशी इथपर्यंत आली. मधलं काहीच दिसत नाही, ते सरासरीनं जोडलंय." मुख्य शास्त्रज्ञ म्हणाले, "शेपूट असेल तर धड कुठं आहे ते दाखव." तिने पेन्सिल अल्टिमीटरच्या नकाशावर ठेवली: उजवीकडे खळगा, डावीकडे उंचवटा. "धडं दोन आहेत, सर. शेपूट दोघांच्या मधून खाली उतरते."

तिचे म्हणणे भौतिकदृष्ट्या अचूक होते. पूर्वेकडचा भोवरा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे त्याच्या पश्चिम कडेला पाणी दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेकडचा भोवरा घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे त्याच्या पूर्व कडेलाही पाणी दक्षिणेकडेच वाहते. या दोन चाकांच्या मध्ये सापडलेले उत्तरेचे हिरवे पाणी पट्ट्यासारखे ओढले जाऊन निळ्या समुद्रात उतरते. म्हणजे हिरवा रंग तेथे उगवलेला नव्हता. तो उत्तरेकडून आलेला होता.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी चार पर्याय चर्चेत आले. पहिला, ठरल्याप्रमाणे डागाकडे जाणे. दुसरा, डाग सोडून पूर्वेच्या खळग्याकडे जाणे. तिसरा, एक दिवस थांबून स्वच्छ चित्राची वाट पाहणे. चौथा, दोन्ही भोवरे आणि मधला पट्टा कापणारी एक लांब रेघ आखणे.

थांबण्याचा पर्याय लगेच बाद झाला, कारण जहाजाचे दिवस ठरलेले होते आणि दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र असेल याची खात्री नव्हती. लांब रेघ शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत चांगली होती, परंतु १००० मीटरपर्यंतचे एक सीटीडी (क्षारता, तापमान आणि खोली मोजणारे, तारेने खाली सोडायचे उपकरण) स्थानक म्हणजे विंचवर तास-सव्वा तास, आणि प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगांसाठी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत एकाच पाण्यात थांबावे लागते. इतकी स्थानके आठ दिवसांत बसत नव्हती. खरा प्रश्न पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायांत होता.

हिरवा डाग हा वाळवंटी धुळीमुळे झालेला आभास तर नाही, हे आम्ही त्याच रात्री तपासले. अरबस्तानाकडून येणारी धूळ निळा प्रकाश शोषते, त्यामुळे हवेची वजाबाकी निळ्यात जास्त होते आणि पाणी असते त्यापेक्षा हिरवे भासते. पण धुळीचा लोट एका-दोन दिवसांत सरकून जातो आणि त्याचा आकार प्रवाहाशी जुळत नाही. आमचा पट्टा चार दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत ओळखीचा आकार राखून होता. रंग खरा आहे अशी खात्री पटल्यावर आम्ही सगळे सुटकेचा श्वास घेऊन बसलो. खरे तर याच क्षणी आमची गल्लत झाली. आम्ही ‘रंग खरा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर मिळवले आणि ते ‘रंग भोवऱ्याच्या गाभ्याचा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर समजून चाललो.

काय केले

निर्णय डागाकडे जाण्याचा झाला. विद्यार्थिनीच्या आग्रहाखातर एक भर घातली गेली: शेवटच्या दीडशे किलोमीटरमध्ये दर पंचवीस किलोमीटरला एक्सबीटी टाकायचे. हा धावत्या जहाजावरून समुद्रात सोडायचा तापमापी असतो. तो खाली जाताना बारीक तारेवरून तापमान कळवत राहतो, तार संपली की तुटते आणि जहाजाला थांबावे लागत नाही.

दोन दिवसांनी जहाज डागावर पोहोचले आणि पूर्ण स्थानकाचे काम सुरू झाले. पहिली बादली वर आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, कारण काचेच्या बीकरमध्ये नॉक्टिल्यूकाचे हिरवे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. उपग्रहाने सांगितलेले पाणी तेथे होते. मात्र जहाजाच्या तळाशी असलेले एडीसीपी हे प्रवाह मोजणारे उपकरण एक नॉटच्या आसपास, सरळ दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह दाखवत होते. भोवऱ्याच्या मध्यावर प्रवाह जवळजवळ शून्य असायला हवा. जोराचा, एकाच दिशेचा प्रवाह कडेला असतो. ही नोंद पहाटेपासून पडद्यावर होती, पण बाटल्यांतील पाणी गाळण्याच्या गडबडीत तिच्याकडे दुपारपर्यंत कोणी पाहिले नाही.

दुपारी विद्यार्थिनीने सात एक्सबीटींच्या नोंदी पहिल्यांदा एका कागदावर शेजारी शेजारी काढल्या. २० अंश तापमानाची खोली, म्हणजे थंड पाणी किती वर उचलले आहे याची खूण, पूर्वेकडून येताना सुमारे १५० मीटरवरून शंभरच्या जवळ चढली होती आणि डागाकडे येताना पुन्हा खाली उतरली होती. म्हणजे जहाज थंड गाभ्याच्या जवळून, थोडे उत्तरेकडून, न थांबता पुढे गेले होते. माहिती आदल्या रात्रीच हातात आली होती. नोंदी स्वतंत्र फायलींत पडून राहिल्या आणि त्या एकत्र काढण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

तेथे दुसरा निर्णय घ्यायचा होता. पश्चिमेकडे जाऊन उबदार भोवऱ्याचा छेद घ्यायचा, की मागे वळायचे? मूळ प्रश्न थंड गाभ्याचा असल्याने मुख्य शास्त्रज्ञांनी सुरू असलेला प्रयोग सूर्यास्तापर्यंत पूर्ण करून पूर्वेकडे वळण्याचे ठरवले आणि मला निरोप पाठवला: केंद्र नेमके कोठे आहे ते सांगा. प्रवास आणि चुकीच्या जागेचे स्थानक धरून जवळपास दीड दिवस खर्ची पडला होता.

या टप्प्यावर रंग आमच्या मदतीला आला. त्या दिवशीचे चित्र सुदैवाने स्वच्छ होते. मी सरासरी न काढता ते एकच चित्र घेतले, रंगपट्टी लघुगणकी केली, त्यामुळे निळ्यातील फिकट फरकही उठून दिसू लागले, आणि त्यावर समुद्रपातळीच्या समोच्च रेषा काढल्या. पूर्वेच्या खळग्याभोवती हिरव्याचा एक बारीक धागा दक्षिणेकडून वळसा घालून आत गुंडाळलेला दिसत होता, आणि पूर्वेच्या बाजूने निळ्याचा धागा उत्तरेकडे चढत होता. दोन धागे जेथे एकमेकांभोवती वळत होते ते केंद्र अल्टिमीटरच्या केंद्रापासून सुमारे पंचवीस किलोमीटर ईशान्येस होते. तेथील अक्षांश-रेखांश मी जहाजाला कळवले. जहाज तेथे पोहोचले तेव्हा प्रवाह मंदावला होता आणि २० अंशांची खोली संपूर्ण मोहिमेतील सर्वांत कमी होती.

काय हाती आले

गाभ्यातील पाणी वरून पाहता निळेच होते. उपग्रहाच्या चित्रात ते आसपासच्या पाण्याहून क्वचितच वेगळे ठरले असते. सीटीडीवरील हरितद्रव्याची रेघ मात्र सुमारे ४५ मीटरवर उसळत होती. भोवऱ्याबाहेर तीच उसळी ७० मीटरच्या आसपास आणि बरीच लहान होती. त्या रात्री गाळणकागद ओळीने मांडले तेव्हा पृष्ठभागाचा कागद जवळजवळ पांढरा आणि ४५ मीटरचा कागद गर्द ऑलिव्ह रंगाचा होता. आम्ही जे शोधायला निघालो होतो ते तेथे होते, पण उपग्रहाला दिसणाऱ्या वीस मीटरच्या खाली.

हे आम्हाला आधी सुचायला हवे होते. २००४ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी बंगालच्या उपसागरातील थंड भोवरे उत्पादकता कशी वाढवतात हे मांडले होते. मार्च २००५ मध्ये हवाई बेटांच्या पश्चिमेस ‘ओपल’ नावाच्या भोवऱ्यात ७० ते ९० मीटरवर डायटम या वनस्पती प्लवकांचा मोठा बहर सापडला, आणि तो पृष्ठभागाच्या चित्रांतून ओळखता आला नव्हता. जगभरच्या भोवऱ्यांवरील २०११ च्या एका अभ्यासाने तर पृष्ठभागावरील हरितद्रव्याच्या आकृत्यांचा मोठा भाग पाणी ढवळून ओढले गेल्याने तयार होतो, गाभ्यातील वाढीने नव्हे, असे दाखवले होते. हे सगळे आमच्या वाचनात होते. ठसठशीत हिरवा डाग समोर आल्यावर ते कोणाला आठवले नाही.

चुकीच्या जागेचे स्थानक वाया मात्र गेले नाही. उत्तरेचे नॉक्टिल्यूकाने भरलेले पाणी निळ्या समुद्रात किती आत ओढले जाते, याचा नमुना आम्हाला अनपेक्षितपणे मिळाला, आणि पुढे त्या पट्ट्यावर स्वतंत्र काम झाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत पहिली सुधारणा माझ्या टेबलावरची आहे. सरासरी चित्रासोबत प्रत्येक पिक्सेलला किती स्वच्छ दिवस मिळाले याचा नकाशाही तयार होत असतो. तो मी उघडलाच नव्हता. नंतर पाहिले तेव्हा डागाच्या बहुतेक भागात आठांपैकी फक्त दोनच दिवस होते, आणि डागाच्या वरच्या अर्ध्या भागाचे दिवस खालच्या अर्ध्या भागाच्या दिवसांहून वेगळे होते. पट्टा रोज काही किलोमीटर सरकत होता; दोन वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडल्यामुळे लांब शेपटीच्या जागी गोल डाग दिसू लागला. मी साधी सरासरी वापरल्याने दाट हिरव्या पिक्सेलांचे वजन आणखी वाढले; हरितद्रव्यासाठी गुणोत्तरी सरासरी अधिक योग्य असते. आता मी दिवसांचा नकाशा जोडल्याशिवाय सरासरी चित्र कोणाला पाठवत नाही.

दुसरी सुधारणा निर्णयाच्या जागेची आहे. एक्सबीटी टाकायचे ठरवताना त्यांच्या नोंदींवरून काय ठरणार हेही लिहून ठेवायला हवे होते: २० अंशांची खोली चढून पुन्हा उतरू लागली की जहाज थांबवायचे आणि मागे यायचे. तसे ठरले असते तर जहाज डागापर्यंत गेलेच नसते. आदल्या संध्याकाळी विद्यार्थिनीचे म्हणणे खोडले गेले नाही आणि स्वीकारलेही गेले नाही. ते सात एक्सबीटी टाकण्याच्या सवलतीत विरले. माझ्या मते या प्रकरणातील खरा निर्णयबिंदू तोच होता. तिला डागाच्या बाजूने बोलणाऱ्यांइतकाच वेळ देऊन, दोन धडांचा तिचा नकाशा आणि माझा नकाशा एकावर एक ठेवून पाहायला अर्धा तास पुरला असता.

आजची साधने त्या वेळेपेक्षा बरीच चांगली आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वरील रंगमापक तेरा पट्ट्यांत मोजतो. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट उपग्रह समुद्रपातळी रेघेत न मोजता रुंद पट्ट्यात मोजतो, त्यामुळे खळगा आणि उंचवटा यांची जागा आता बारीक तपशिलात दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या पेस या उपग्रहावरून प्लवकांचे प्रकारही वेगळे काढण्याचा प्रयत्न करता येतो, म्हणजे नॉक्टिल्यूकाचा पट्टा कदाचित किनाऱ्यावरूनच ओळखता आला असता. पण ढगांखाली यांतले रंगमापक आंधळेच राहतात, आणि ४५ मीटरवरचा थर त्यांतल्या कोणालाच दिसत नाही. त्यासाठी खोल पाण्यातून वर येणारे तरते मापक किंवा जहाजच हवे.

त्या मोहिमेत गमावलेल्या दीड दिवसामुळे छेदाची पूर्वेकडची तीन स्थानके राहून गेली. विद्यार्थिनीच्या प्रबंधात त्या भोवऱ्याचा छेद पश्चिम कडेपासून केंद्राच्या थोडा पुढेपर्यंतच आहे, आणि उरलेल्या जागी तिने पांढरा रकाना सोडला आहे.